मालेगावचा सुपरमॅन : चित्रीकरणाची रीत

‘मालेगाव का सुपरमॅन’ हा मालेगावच्या हौशी चित्रपटकर्त्यांनी शेख नासिर यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला विनोदी अद्भुतपट आहे. लहान मुलांना भुरळ घालणारा उडता नायक यंत्रमागांच्या गावात अवतरला, तर काय होईल, ही त्यामागील कल्पना. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले, तरी १८६९ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत हा भाग खानदेशात मोडत असे आणि येथील चित्रपट आजही खानदेशी चित्रपट म्हणूनच ओळखले जातात.

नासिर हे मूळचे व्हिडिओ पार्लरचालक. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून ते संकलन शिकले आणि ‘शोले’च्या विडंबनातून त्यांची दिग्दर्शनाची वाटचाल सुरू झाली. नायकाची भूमिका करणारा शफीक शेख हा यंत्रमाग कामगार होता.

नायकाला उडवायचे कसे, हा या चित्रपटातील सर्वांत अवघड प्रश्न होता. त्यासाठी क्रोमा तंत्र निवडण्यात आले. हिरव्या कापडासमोर नटाला आडवे धरून चित्रण करायचे आणि नंतर संगणकावर तेवढाच हिरवा रंग काढून त्या जागी आकाश बसवायचे, असे हे तंत्र आहे. मानवी त्वचेत हिरव्या रंगाची छटा फारशी नसल्याने हा रंग सोयीचा ठरतो. निळे कापडही चालते; परंतु सुपरमॅनचा पोशाखच निळा असल्यामुळे पार्श्वभूमीसोबत नायकाचे अंगही नाहीसे झाले असते. कापडावर सुरकुती किंवा सावली पडली, की हिरव्या रंगाच्या अनेक छटा होतात आणि संगणकाला त्या नीट वेगळ्या करता येत नाहीत; नट कापडाला फार जवळ असला, तर हिरवी झाक त्याच्या अंगावर उतरते. स्टुडिओत दिव्यांनी साधले जाणारे हे काम मालेगावकरांनी उघड्यावर, ट्रकला हिरवे कापड टांगून केले. या मंडळींची जिद्द तर मोठी होतीच. पण तंत्रामागचे तत्त्व त्यांनी अचूक ओळखले होते, ही गोष्ट अधिक मोलाची वाटते.

सरकत्या दृश्यांसाठी सायकल आणि उंचावरच्या दृश्यांसाठी क्रेनऐवजी बैलगाडी वापरण्यात आली. चित्रीकरण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडला. शफीकच्या लग्नासाठीही काम मध्येच थांबवावे लागले. कथेत नायकाचा लढा तंबाखूच्या धंद्याशी आहे. शफीक स्वतः मुखकर्करोगाने २०११ मध्ये तरुण वयातच मरण पावला.

ही सारी धडपड फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात टिपली असून, चित्रीकरणाच्या या रीतीविषयी आज जे ठाऊक आहे त्याचा मुख्य आधार तोच आहे. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ (२०२४) हा कथापट दिग्दर्शित केला. त्यात आदर्श गौरव यांनी नासिर यांची आणि शशांक अरोरा यांनी शफीकची भूमिका केली आहे.