किडनीविकार, नसा आणि पोटॅशियमचा वाद

१९६० साली सिअ‍ॅटलमध्ये हातात कायमची नळी ठेवून वारंवार डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणं, सुरू झालं आणि किडनी निकामी झालेले रुग्ण जगू लागले. मग त्यांचे पाय बोलू लागले: तळव्यांची आग, मुंग्या, रात्रभर पाय हलवत बसणं. डायलिसिसचे तास वाढवल्यावर काहींना उतार पडला. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांच्या रक्तात युरिया जास्त असूनही नसांचा त्रास कमी दिसला, म्हणून १९७० च्या आसपास युरियाऐवजी मध्यम आकाराच्या रेणूंवर बोट ठेवलं गेलं. तो रेणू नेमका कोणता, हे ठरलंच नाही. आहार मात्र या चर्चेतून बाहेर पडला.

तो परत आला पोटॅशियममुळे. सिडनीतल्या एका गटाने या शतकाच्या पहिल्या दशकात नसांची उत्तेजनक्षमता, म्हणजे विजेच्या हलक्या धक्क्याला नस किती सहज प्रतिसाद देते ते, मोजली. डायलिसिसच्या आधी नसांवरचा विद्युतभार बिघडलेला आणि तो रक्तातल्या पोटॅशियमशी जुळणारा. मग २०१७ मध्ये किडनीविकाराच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या चाळीस-एक रुग्णांवरची २४ महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली: एका गटाचं रक्तातलं पोटॅशियम पथ्याने ४.५ च्या आत ठेवायचं, दुसऱ्याला आहाराचा सर्वसाधारण सल्ला. दुसऱ्या गटाच्या नसा जास्त बिघडल्या.

'पथ्याने नसा वाचतात' असं म्हणताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नुसत्या पथ्याने आकडा खाली न आल्यास पोटॅशियम उतरवणारी पावडरही द्यायची सोय त्या चाचणीत होती. मग श्रेय शहाळ्यासारखे पोटॅशियमवाले पदार्थ सोडण्याला किती आणि पावडरीला किती? शिवाय ४.५ हा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या आतलाच, म्हणजे रिपोर्ट 'नॉर्मल' असलेल्यालाही पथ्य लागू.

२०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी ठरावीक मिलिग्रॅमची कात्री लावली नाही. रक्तातलं प्रमाण पाहून आहार बदलावा, एवढंच म्हटलं. माझं झुकतं माप यालाच. आपल्याकडे ४.२ आलेल्या माणसालाही केळं, बटाटा, पालक बंद असा छापील कागद मिळतो. घरात तेवढ्यात ब्लड प्रेशरसाठी म्हणून 'लो सोडियम' मीठ आलेलं असतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड.

बी१२ चं काय? मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि शाकाहार, दोन्हींमुळे हे जीवनसत्त्व घटतं आणि त्यामुळे आलेल्या पायांच्या मुंग्या किडनीच्या खात्यात जमा होतात. पण तपासल्याशिवाय मोठे डोस घेणंही नको: मधुमेही किडनीविकारात बी६, बी१२ आणि फॉलिक आम्लाचे भरपूर डोस दिलेल्या कॅनडातल्या चाचणीत, २०१० च्या निष्कर्षांनुसार, किडनी उलट लवकर ढासळली.