हार्मोनिक मर्यादा आणि पॉवर सप्लायची रचना : पार्श्वभूमी

वीजप्रवाहातील हार्मोनिक, म्हणजे 50 किंवा 60 हर्ट्‌झ या मूळ वारंवारतेच्या पटीतील घटक, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या फार आधीपासूनचे दुखणे आहे. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यामुळे उद्भवणाऱ्या तिसऱ्या हार्मोनिकचा अभ्यास विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता, आणि त्यावरचा डेल्टा जोडणीचा (तीन वेटोळी त्रिकोणात जोडण्याचा) उतारा आजही चालतो. तेव्हाचे स्रोत मोठे पण मोजके असल्याने जागेवर फिल्टर बसवून भागत असे.

स्विच-मोड पॉवर सप्लाय, म्हणजे वीज अतिवेगाने चालू-बंद करून उपकरणाला हवा तो दाब देणारे सर्किट, घराघरांत पोहोचल्यावर हे गणित बिघडले. एसीचे डीसीत रूपांतर करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरपुढचा, वीज साठवणारा मोठा कपॅसिटर विद्युतदाब शिखराजवळ असतानाच क्षणभर प्रवाह ओढतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष शक्तीचे विद्युतदाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराशी गुणोत्तर) 0.6 ते 0.65 इतका घसरतो. एकट्या संगणकाची काय मातब्बरी? परंतु एका इमारतीतील शेकडो संगणक नेमक्या त्याच क्षणी प्रवाह ओढतात, आणि तिसऱ्याच्या पटीतील हार्मोनिक न्यूट्रलमध्ये (तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेत) परस्परांना रद्द न करता साठत जात असल्याने न्यूट्रलमधील प्रवाह फेजच्या सुमारे 1.7 पटीपर्यंत जाऊ शकतो.

हा भार कोणी वाहायचा, यावर दोन मते झाली. अमेरिकेतील आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 519 (1981, सुधारित 1992) या दस्तऐवजाने ग्राहकाच्या जोडणीच्या ठिकाणी मर्यादा घातली. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या 555-2 (1982) आणि तिच्या जागी 1995 मध्ये आलेल्या आयईसी 61000-3-2 या मानकांनी मात्र थेट उपकरणालाच जबाबदार धरले. उपकरणाच्या रचनेवर खरा परिणाम झाला तो या दुसऱ्या मार्गाचा.

आयईसी मानकाच्या ‘ड’ वर्गातील संगणक आणि दूरचित्रवाणी संचांना तिसऱ्या हार्मोनिकसाठी दर वॅटमागे 3.4 मिलिअँपिअर एवढीच मुभा मिळाली. जड चोक (प्रवाहातील झटपट बदल रोखणारे वेटोळे) वापरून ती पाळता येई. पण रेक्टिफायर आणि कपॅसिटर यांच्यामध्ये बूस्ट कन्व्हर्टर (दाब वाढवणारे सर्किट) घालून प्रवाहाला साइन तरंगाचा आकार देणे आणि सुमारे 400 व्होल्टची डीसी मिळवणे हा मार्ग अखेर रूढ झाला. त्याचा आनुषंगिक लाभ असा, की हे सर्किट दोन्ही दाबांवर चालत असल्याने पॉवर सप्लायच्या पाठीवरचे 115/230 व्होल्टचे बटण अनावश्यक ठरले. प्रकाश-उपकरणे सोडता 75 वॅट किंवा त्याहून कमी शक्तीच्या उपकरणांना या मर्यादा लागू नसल्याने लॅपटॉपच्या 65 वॅटच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बूस्ट कन्व्हर्टरचा हा टप्पा बहुधा आढळत नाही, तर 90 वॅटच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये तो घालावा लागतो.