सुगंधी तेलाचा नमुना तपासणीला देताना : अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

औषधासाठी आणलेल्या तेलाची बाटली प्रयोगशाळेत येते, सोबत चिठ्ठी : 'निलगिरी तेल, तपासून द्या.' नेमकं काय तपासायचं याचा पत्ता नसतो. मग जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी यंत्रचाचणी) होतं, घटकांची लांबलचक यादी हातात पडते आणि माल घ्यायचा की परत करायचा हा प्रश्न होता तिथेच राहतो. यंत्र चोख चाललेलं असतं. अर्जातला 'संदर्भ मानक', म्हणजे तेल कोणत्या मापदंडावर तपासायचं, हा रकाना कोरा असतो.

अर्ज कोणी करावा

तेल काढणारे, औषध बनवणारे, कच्चा माल घेणारे, संशोधक, कोणीही. मात्र अहवाल परवान्यासाठी किंवा नोंदणीसाठी लावायचा असेल, तर प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी १७०२५ची (चाचणी प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) मान्यता आहे एवढं ऐकून थांबू नका. मान्यता चाचणीनिहाय असते. मान्यतेच्या व्याप्तीचा कागद मागा आणि तुमची चाचणी त्यात आहे का ते स्वतः वाचा.

कोरा सोडू नये असा रकाना

निलगिरीला युरोपियन फार्माकोपिया (औषधी द्रव्यांच्या मानकांचा ग्रंथ) लावायचा असेल, तर १,८-सिनिओल हा तिचा मुख्य घटक किमान ७० टक्के लागतो. टी ट्री तेलासाठी आयएसओ ४७३० (२०१७) मध्ये टर्पिनेन-४-ऑल हा घटक ३५ ते ४८ टक्के आणि १,८-सिनिओल जास्तीत जास्त १० टक्के आहे. म्हणजे एका तेलात जे भरपूर हवं, तेच दुसऱ्यात जास्त झालं तर तेल नापास. मानक लिहिलं नाही तर आकडे मिळतील, निकाल मिळणार नाही.

भेसळीचा संशय असेल तर तोही लिहा, संकोच नको. लॅव्हेंडरमध्ये कृत्रिम लिनालूल (त्यातला एक सुगंधी घटक) मिसळलं तर साध्या कॉलमवर, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातल्या नळीवर, ते नैसर्गिक लिनालूलच्याच जागी दिसतं. नैसर्गिक लॅव्हेंडरमध्ये या रेणूचं एकच आरशातलं रूप जवळपास सगळं असतं, कृत्रिममध्ये दोन्ही निम्मी-निम्मी. हा फरक ही दोन रूपं वेगळी करणाऱ्या कायरल कॉलमवरच कळतो आणि ती चाचणी वेगळी मागावी लागते. खाद्यतेलासारखं न उडणारं तेल मिसळलेलं असेल तर नेहमीच्या जीसीत त्याचा पीकच (आलेखावरचा उंचवटा) येत नाही. तिथे फिल्टर पेपरवरचा एक थेंब जास्त बोलतो : तेल उडून गेल्यावर तेलकट डाग उरला की समजून घ्यायचं.

कागदपत्रं

वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, तेल काढायची पद्धत आणि तारीख, बॅच क्रमांक. पुरवठादाराचं विश्लेषण प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत. सुरक्षितता पत्रक हवंच, कारण यातली बरीच तेलं ज्वलनशील असतात आणि पाठवणी त्यावरच अडते. केमोटाइप (एकाच प्रजातीतला रासायनिक प्रकार) माहीत असेल तर तोही लिहा : थाइममध्ये एकाच प्रजातीचं एक तेल थायमॉलने भरलेलं, तर दुसरं लिनालूलने, आणि दोन्ही अस्सल.

बाटली

गडद काचेची, जवळजवळ काठोकाठ भरलेली, घट्ट झाकणाची. रबरी बल्बचा ड्रॉपर लावून पाठवू नका. टर्पिनं (तेलातली सुगंधी संयुगं) रबर फुगवतात, आणि रबर-प्लास्टिकमधून आलेले पदार्थ क्रोमॅटोग्रामच्या (जीसीच्या आलेखाच्या) शेवटाकडे उगवतात; मग भेसळ, भेसळ म्हणून आरडाओरड. अर्धी बाटली दोन महिने खिडकीत राहिली तर टी ट्रीमध्ये पॅरा-सायमीन (तेल जुनं झाल्याची खूण) वाढतं, आणि नापास होते ती तुमची साठवण. पिंपातून नमुना घेताना वरचा थर तेवढा उपसू नका, आधी नीट ढवळा. जीसीला मायक्रोलिटरभर पुरतं. घनता, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स आणि ऑप्टिकल रोटेशनला जास्त लागतं, म्हणून प्रमाण आधी विचारून घ्या.

जमा केल्यावर

नमुन्याला क्रमांक मिळतो, बाटलीची स्थिती नोंदली जाते. पोचपावतीवर ती नोंद वाचूनच सही करा. अहवालात टक्केवारी पीकच्या क्षेत्रफळाची आहे की प्रमाणित द्रव्याशी ताडून काढलेली, हे पाहा. दोन्ही आकडे एकच नसतात आणि नोंदणीचे अधिकारी बहुधा इथेच बोट ठेवतात. घटकांच्या नावापुढे रिटेन्शन इंडेक्स (घटक कॉलममधून किती वेळाने बाहेर आला याचा प्रमाणित आकडा) नसेल तर तो मागा, कारण टर्पिनांचे मास स्पेक्ट्रम, म्हणजे यंत्र ज्यावरून घटक ओळखतं ते ठसे, एकमेकांसारखेच दिसतात.

निकाल पटला नाही तर फेरतपासणी राखून ठेवलेल्या उरलेल्या नमुन्यावर होते, नव्या बाटलीवर नाही. तो किती दिवस ठेवतात हे अर्ज भरतानाच विचारा.