'पंचवीस वर्षांचा पूर' पंचवीस वर्षे थांबत नाही

नदीकाठच्या भागात घर पाहताना एक समजूत हमखास ऐकायला मिळते: निळ्या पूररेषेपर्यंतचा (नकाशावर पंचवीस वर्षांच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषेपर्यंतचा) पूर पंचवीस वर्षांतून एकदाच येतो, तेव्हा तो येऊन गेला असेल तर पुढची पंचवीस वर्षे निर्धास्त.

नावावरून असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात २५ हा आकडा सरासरीचा आहे. त्याचा अर्थ, तेवढा पूर येण्याची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते, आणि गेल्या वर्षी पूर आला म्हणून यंदाची शक्यता घटत नाही. वीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत पूर एकदाही न येण्याची शक्यता काढायची, तर ०.९६ (एका वर्षात पूर न येण्याची शक्यता) हा आकडा वीस वेळा मांडून त्यांचा गुणाकार करावा. उत्तर सुमारे ०.४४ येते, म्हणजेच पूर किमान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेच्या, शंभर वर्षांच्या पुरासाठीही ती १८ टक्के भरते, आणि ही काही थोडी नव्हे.

इमारतीचा सर्व्हे क्रमांक घेऊन विकास आराखड्याच्या नकाशावर दोन्ही रेषा पाहाव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पार्किंगमध्ये उतरावे: खांबांवर एकाच उंचीवर उमटलेला गाळाचा पट्टा, मागाहून वर सरकवलेले वीजमीटर. शेजारच्या जुन्या दुकानदाराला पाणी कुठवर आले होते ते विचारावे. तो हाताने उंची दाखवतो.