मधला माणूस : मुंबई आणि कोकणातल्या निरोपांची पार्श्वभूमी

आमच्या वाडीचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. सकाळचं पहिलं ‘सुप्रभात’ पडतं ते बहुधा विरारहून. गावातून दुपारी कधीतरी एखादा फोटो येतो, विहिरीच्या पाण्याचा नाहीतर पडलेल्या माडाचा. गटातली निम्म्याहून जास्त माणसं मुंबई, ठाणे, नालासोपाऱ्यात राहतात.

मागच्या उन्हाळ्यात वरच्या आळीतले एक म्हातारे पहाटे गेले. नातवाने लगेच गटावर टाकलं. नालासोपाऱ्याच्या आत्याने ते वाचून खालच्या आळीतल्या वहिनीला फोन लावला, “कवा गेले गो?” वहिनी तेव्हा अंगण सारवत होती. तिला पत्ताच नव्हता. शंभर पावलांवरचं मरण तिला दोनशे किलोमीटरवरून कळलं.

पूर्वी असं झालं नसतं, हे सगळेच म्हणतात. पण ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं काय होतं, ते नीट पाहायला हवं. माझ्या मते पूर्वी निरोप आणि माणूस यांच्यामध्ये आणखी एक माणूस असायचा. गेल्या दीडशे वर्षांत साधनं बदलत गेली, तसा हा मधला माणूस एकेका टप्प्यावर गळत गेला.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहायला लागली. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांमधल्या मजुरांचा सगळ्यात मोठा लोंढा आला तो रत्नागिरी जिल्ह्यातून. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येत होता. बाप्ये मुंबईला, बायका-पोरं-म्हातारी गावाला, अशी घराची फाळणी तेव्हापासूनची. मुंबईत गावच्या नावाची एक खोली असे. भाडं मंडळ भरत असे, पाळ्या बदलतील तशी माणसं आळीपाळीने झोपत, जेवण खाणावळीत. गावाकडे वर्षातून दोनदा जाणं, शिमग्याला आणि गणपतीला. मधले महिने टपालावर.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं १८७९ च्या जुलैत, किंमत पाव आणा. पाठोपाठ १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली. कोकणाला पुढे ‘मनीऑर्डरवर जगणारा मुलूख’ म्हणायला लागले ते काही उगाच नाही. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असे. पैसे घेणाऱ्याने ते फाडून ठेवायचं, त्यावर पाठवणाऱ्याला चार ओळी लिहायला जागा. कित्येक घरांत महिन्याचा सगळा संसार त्या चार ओळींत उरकला जाई. सर्व खुशाल. एवढे पाठवले. दुकानाचे भागवा. म्हशीचं काय झालं ते कळवा.

लिहिता न येणाऱ्याचं काय? खोलीत एखादा चौथी शिकलेला असे, तो सगळ्यांची पत्रं लिहायचा. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’पासून ‘कळावे, लोभ असावा’पर्यंतचा साचा त्याला पाठ, मधला मजकूर काय तो ज्याचा त्याचा. गावाकडे तेच काम पोस्टमनकडे. तो पत्र टाकून निघून जात नसे. पडवीत बसायचा, गूळ-पाणी घ्यायचा आणि वाचून दाखवायचा. मनीऑर्डर असेल तर अंगठा घ्यायचा, पैसे मोजून द्यायचा.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. आलेली सगळी कार्डं ती टोकाला वाकवलेल्या तारेत खोचून ठेवायची, तुळईला टांगलेली. ती गेल्यावर आत्याने ती तार उतरवली आणि कार्डं एकेक करून वाचली. एका कार्डावर आजोबांनी लिहिलं होतं की खोकला पुन्हा सुरू झालाय, रात्रपाळी सोडावी म्हणतो. आत्याला तो दिवस चांगला आठवत होता. पोस्टमनने वाचलं होतं, “सर्व ठीक आहे, पाऊस कसा आहे ते कळवा.” पावसाची ओळ कार्डावर होती. खोकल्याची ओळ त्याने गाळली होती.

यात चांगुलपणा किती आणि आगाऊपणा किती, हे मला अजून ठरवता येत नाही. एवढं मात्र खरं की त्या काळात नवरा-बायकोत खासगी असं काही उरत नसे. नव्या सुनेला नवऱ्याला काही कळवायचं तर ते सासूसमोर सांगायचं, तिसऱ्याने लिहायचं आणि मुंबईच्या खोलीत चौथ्याने वाचायचं. असल्या पत्रात ती काय सांगणार? मधल्या माणसाबद्दल हळवं होताना हे विसरून चालणार नाही.

तारेबद्दल, म्हणजे टेलिग्रामबद्दल, फार लिहिण्यासारखं नाही. शब्दाला पैसे पडत, म्हणून ती मरणासाठी आणि नोकरीसाठी राखून ठेवलेली. पण तारवाला दिसला की बायका आधी रडून घेत आणि मग तार उघडली जाई, मग आत मुलगा पास झाल्याची बातमी का असेना. सर्वसामान्यांसाठीची ही सेवा १८५०च्या दशकात सुरू झाली आणि २०१३ च्या जुलैत बंद पडली. बंद झाल्याचं गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

टेलिफोन हिंदुस्थानात आला १८८२ साली, पण पुढची शंभर वर्षं तो आमच्यासारख्यांचा नव्हताच. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सबंध देशात लाखभरही फोन नव्हते. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. परगावी बोलायचं तर ट्रंककॉल ‘बुक’ करायचा : साधा, अर्जंट किंवा लायटनिंग. लायटनिंगला आठपट दर, म्हणजे तो व्यापाऱ्यांचा आणि वर्तमानपत्रांचा. बाकीच्यांनी सकाळी बुक करून संध्याकाळपर्यंत फोनजवळ बसायचं. १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये एसटीडी, म्हणजे बुक न करता थेट परगावचा नंबर फिरवायची सोय, सुरू झाली. कोकणातल्या गावापर्यंत ती पोहोचायला जवळजवळ एक पिढी गेली.

चाळीत या काळात एक फार मजेचा प्रकार रुजला, पीपी नंबर. मूळ शब्द ट्रंककॉलमधला, ठरावीक माणसालाच बोलवायचं असेल तर ‘पीपी कॉल’ लावायचा. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला शेजाऱ्याचा फोन. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, बायोडेटावर नंबर आणि पुढे कंसात ‘पीपी’. म्हणजे हा फोन आमचा नाही, पण आम्हाला बोलावून देतात. मजल्यावर एकाकडे फोन, आणि त्या घरच्या बाईला मजल्यावरच्या सगळ्यांच्या नोकऱ्या, सोयरिकी, आजारपणं तोंडपाठ. तिच्याशी भांडण काढणं कुणाला परवडत नसे. नळावरच्या भांडणात ती सहसा जिंकायची, ते याच कारणाने.

खरा बदल आला तो ऐंशीच्या दशकात. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. दूरसंचार तंत्रज्ञ सॅम पित्रोदा यांचं नाव त्या काळाशी जोडलेलं आहे. त्यांनी काय केलं, ते थोडक्यात असं : फोन एकमेकांना जोडून देणाऱ्या परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची, आणि खेड्यात धड वीजही नाही. उकाड्यात, धुळीत, एसीशिवाय चालेल असं छोटं ग्रामीण एक्स्चेंज या मंडळींनी बनवलं. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते पहिल्यांदा बसलं. पुढच्या दहा वर्षांत नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ उभे राहिले. बऱ्याच ठिकाणी बूथ अपंगांना प्राधान्याने दिले जात.

बूथ म्हणजे काचेचं कपाट. आत एक माणूस मावेल एवढी जागा, गरम होणारा पंखा, आणि डोळ्यासमोर लाल आकडे पळणारं मीटर. बोलणारा माणूस समोरच्याकडे लक्ष द्यायच्या ऐवजी त्या आकड्यांकडेच बघायचा. रात्री उशिरा दर पावपट होत, म्हणून जेवून झाल्यावर लोक रांग लावायचे. आम्ही लालबागच्या एका बूथवर शनिवारी रात्री उभे असायचो, मी वडिलांचं बोट धरून. गावाकडे फोन फक्त वाण्याकडे. वडील आधी एक फोन करायचे : “आईला बोलवा, पंधरा मिनिटांनी लावतो.” मग तिकडे वाण्याचा पोरगा विजेरी घेऊन चढण चढून आजीला आणायला पळायचा. तिला धरून खाली आणीपर्यंत पंधराची वीस मिनिटं व्हायची. दुसरा फोन लागला की आजी ओरडून बोलायची, कारण मुंबई लांब आहे हे तिला माहीत होतं. वाणी, त्याची बायको आणि बिडीच्या निमित्ताने आलेले दोघे-तिघे, सगळे ऐकायचे. फोन ठेवल्यावर आजी त्यांनाच विचारायची, “काय म्हणला रे तो?” आणि ते तिला सांगायचे. म्हणजे माझ्या वडिलांचं बोलणं तिच्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचायचं ते फोन बंद झाल्यावर, दुकानाच्या पायरीवर.

निरोप आणायला जाणाऱ्या त्या पोराला आजी लिमलेटची गोळी द्यायची. तीही त्याच्याच बापाच्या बरणीतली, उधारीवर.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, त्यामुळे लोक नंबर बघून फोन कापायचे. २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि मोबाइल रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या हातात आला. त्या मधल्या वर्षांत लोकांनी एक बिनपैशाची भाषा काढली, मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे तू लाव. आमच्याकडे गणपतीला निघालेली गाडी पनवेलच्या पुढे गेली की एक रिंग, महाडला दुसरी. त्या हिशोबाने घरी भात टाकायचे. एक शब्द न बोलता एवढं चोख बोलणं पुढे कधी झालं नसेल.

बूथ गेले, आणि ते जाताना कुणी काही बोललं नाही. झेरॉक्स आणि रिचार्जची दुकानं झाली, मग तीही कमी झाली. २०१६ हे एक वर्ष पुरलं : एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओचा फुकट डेटा. मनीऑर्डर, पत्र, फोन, फोटो, वर्गणी, सगळं एकाच काचेत. पैसे थेट आईच्या खात्यात. पडवीत बसायला कुणी येत नाही, अंगठा घेत नाही, पाऊस विचारत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४६ होतं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तेव्हाही स्वतःचा असा फोन नव्हता. पण ज्यांच्या हातात तो आला, त्यांना सासूसमोर मजकूर सांगावा लागत नाही. आमच्या वाडीतली एक सून रात्री भांडी घासून झाल्यावर गोठ्याच्या कडेला उभी राहून नवऱ्याशी बोलते, कारण रेंज तिथेच येते. तासभर बोलते. माझी आजी सबंध आयुष्यात आजोबांशी एवढं एकटीने बोलली असेल की नाही कोण जाणे.

गावकीला मात्र या सगळ्याचा जाच झाला. पूर्वी पालखीचा मान, देवळाचा खर्च असले वाद सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर, बसून व्हायचे. आवाज चढला की कुणीतरी म्हातारा विडी पुढे करायचा किंवा “उद्या बघू” म्हणायचा. गटावर विडी पुढे करता येत नाही. तिथे माणूस तावातावाने लिहितो, वीस अंगठे येतात आणि रात्री साडेअकराला तो ‘लेफ्ट’ होतो. मग त्याला परत घ्यायला दोन महिने लागतात. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबईतून माणसं गावी यायला लागली, तेव्हा त्यांना वेगळं म्हणून शाळेत किती दिवस ठेवायचं यावरून आमच्या गटात जे लिहिलं गेलं, ते तोंडावर बोलायची हिंमत कुणाची झाली नसती. काही घरांची बोलाचाली अजून बंद आहे.

आणि मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, मंडणगड-दापोलीला झोडपून गेलं. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद. गटावर दुपारपर्यंत गावातून व्हिडिओ येत होते, नंतर एकदम काही नाही. मुंबईतले आम्ही एकमेकांना विचारत राहिलो, “कुणाचा लागतोय का?” महिनाभर एकमेकांना शिव्या देणारे सगळे त्यात होते. कुणाचाच लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. वाडीतला एक पोरगा मोटारसायकल घेऊन, पडलेली झाडं चुकवत, खेडच्या बाजूला जिथे रेंज मिळाली तिथपर्यंत गेला होता. निघताना घरोघर फिरून त्याने वहीच्या मागच्या पानावर नंबर आणि निरोप लिहून घेतले होते. माझ्या वाट्याला अर्धं मिनिट आलं. “दादा, कौलं गेली. गोठा पडला. म्हस वाचली. आई बरी हाय. येऊ नका म्हनली, रस्ता न्हाय.” मी आणखी काही विचारणार तेवढ्यात तो पुढच्या नंबरावर गेला.

आठ-दहा दिवसांनी फोन सुरू झाले. आईच्या हातावर कौल पडलं होतं आणि चार टाके घातले होते, हे मला तेव्हा कळलं. त्या पोराला मी विचारलं, तुला माहीत होतं ना? वहीत लिहिलेलं होतं, म्हणाला. मग सांगितलं का नाहीस?

“तुमी तितनं काय करनार होतात?”