जुन्या कारच्या कार्ब इंजिनाला ईएफआय बसवणे

कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या इंजिनाचा कार्ब काढून तिथे बाजारात मिळणारा इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचा किट बसवणं म्हणजे ईएफआय कन्व्हर्जन. कार्बमध्ये आत जाणारी हवाच पेट्रोल ओढून घेते, किती ओढायचं ते जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या नळीच्या) भोकावर ठरलेलं. ईएफआयमध्ये सेन्सर बघतात, ईसीयू म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर हिशोब लावतो आणि इंजेक्टर तेवढेच काही मिलिसेकंद उघडतो. थंडीत चोक ओढून बसायला नको, आणि उंचावर हवा विरळ झाली की गाडी रिच होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होऊन) गुदमरते ते पण बंद, कारण ईसीयू बाहेरचा दाबही धरतो.

गंमत म्हणजे सुरुवात उलटी झाली होती. १९५८ ला अमेरिकेत क्रायस्लरने बेंडिक्सची इलेक्ट्रोजेक्टर नावाची सिस्टिम थोड्याशा गाड्यांना दिली, ती इतकी त्रास द्यायला लागली की बहुतेक गाड्यांना परत कार्ब बसवावे लागले. मग बेंडिक्सच्या पेटंटवरून बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक काढलं आणि तिथून पुढे गाडं रुळावर आलं. घरी बसून करणाऱ्यांसाठी २००१ च्या सुमारास बोलिंग आणि ग्रिपो या दोघांचा मेगास्क्वर्ट हा स्वतः जोडायचा ईसीयू आला, नंतर आर्डुइनो मेगा या तयार मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा स्पीडुइनो.

किट दोन तऱ्हेचे. अमेरिकन व्ही-एटवाले जास्त करून थ्रॉटल बॉडी (हवेची झडप असलेला भाग) घेतात, ती चार बॅरल म्हणजे चार नळ्यांच्या कार्बच्याच चार बोल्टवर बसते, इंजेक्टर तिच्यातच. दुसरा प्रकार मल्टीपोर्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक इंजेक्टर, त्याला मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्या) बदला नाहीतर वेल्डिंग करून घ्या. इंजेक्टर मोठा घेतला की पॉवर वाढते हा गैरसमज आहे, १०० हॉर्सपॉवरच्या चार सिलिंडर इंजिनाला प्रत्येकी मिनिटाला साधारण १६५ सीसीचा पुरतो, फार मोठा घातला तर उलट आयडलिंगच धड राहत नाही.

खरं काम बॉनेटखाली नाहीच, मागे टाकीत आहे. कार्बला ४ ते ६ पीएसआय (दाबाचं माप) प्रेशर पुरतं, इंजेक्टरला ४३ किंवा ५८ लागतं, म्हणजे जुना मेकॅनिकल पंप गेला, इलेक्ट्रिक पंप आला, रेग्युलेटर आला, बऱ्याच किटांना टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइनही आली. जुन्या टाकीत आडव्या पट्ट्या नसतात, वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बच्या फ्लोट बोलमध्ये घोटभर पेट्रोल असायचं म्हणून हे कधी जाणवलं नाही, इथे मात्र गाडी लगेच झटका देते. म्हणून स्वर्ल पॉट म्हणजे पंपाआधीची कायम भरलेली छोटी टाकी, नाहीतर टाकीतच बसणारा पंप. आणि पाइप हाय प्रेशरचाच हवा, साधा रबरी पाइप फुटला तर थेट गरम इंजिनावर फवारा. इंजिन फिरत असल्याचा सिग्नल थांबला की ईसीयूने पंप बंद केला पाहिजे, हे वायरिंग कुणीही टाळू नये.

"ईएफआय बसवलं आणि गाडी बिघडली" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची अर्थिंग बघावी असं माझं मत. ईसीयूला वायर थेट बॅटरीवरून हवी, प्लगच्या वायरी रेझिस्टरवाल्या हव्यात, नाहीतर स्पार्कचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये घुसतो. डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) प्लॅटिनम पॉइंटवरून आरपीएम म्हणजे इंजिनाचे फेरे मोजण्यापेक्षा क्रँक पुलीवर ३६ पैकी एक दात गाळलेलं चाक लावलेलं बरं. जुना अल्टरनेटर किंवा डायनॅमो हा लोड झेपवेल का तेही बघावं लागतं.

ट्युनिंगमध्ये सायलेन्सरच्या पाइपातला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर गुरू, हवा आणि पेट्रोलचं प्रमाण तो सांगतो. शांत चालताना १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, फुल थ्रॉटलला १२.५ ते १३. हल्लीचे किट स्वतः शिकतात, पण सेन्सरच्या आधी पाइप गळत असेल तर बाहेरची हवा मिसळून रीडिंग लीन (पेट्रोल कमी असल्याचं) येतं, ईसीयू बिचारा पेट्रोल ओततच राहतो. झिजलेल्या रिंगा आणि गळके व्हॉल्व्ह कुठलाच किट बरे करत नाही.

आपल्याकडे असे किट कमीच लागतात. मारुती जिप्सीवाले त्याच १.३ लिटरचं कंपनीचं एमपीएफआय (मल्टीपोर्ट इंजेक्शनचं) इंजिन वायरिंगच्या हार्नेससकट उचलून टाकतात, ते स्वस्तही पडतं आणि पार्ट पण मिळतात. फक्त मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर इंजिनाचा नवा नंबर.