एक इलेक्ट्रॉन कमी असलेलं घराणं

भाताची पेज उरली असेल तर चमचाभर वाटीत घ्या, थोडं पाणी घाला आणि औषधांच्या डब्यातल्या बेटाडीनचा एकच थेंब त्यात टाका. तपकिरी थेंब पडल्या पडल्या पेज निळी-काळी होते, शाई सांडल्यासारखी. आता लिंबू पिळा आणि ढवळा, रंग बघता बघता उडून जातो. (नंतर ती पेज ओतून टाका, पोटात जाता कामा नये.)

मग बेटाडीनमधलं आयोडीन गेलं कुठं? कुठंच नाही, वाटीतच आहे, फक्त त्याला जे हवं होतं ते मिळालं. आयोडीनच्या अणूत सगळ्यात बाहेरच्या कक्षेत 7 इलेक्ट्रॉन असतात, 8 झाले की तो शांत होतो, आणि तो कमी पडणारा एक इलेक्ट्रॉन त्याला लिंबातल्या व्हिटॅमिन सीनं दिला. आयोडीनचं आयोडाइड झालं, आणि नुसतं आयोडाइड पेजेतल्या स्टार्चला निळा रंग देत नाही.

शाळेत आपण आवर्तसारणीतला गण 17 पाठ केला, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, पण हे सगळे एकाच उभ्या रांगेत का बसलेत हे मला खरं कळलं ते असल्या वाटीतच. सगळ्यांना एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो, आणि धातू भेटला की तो त्याच्याकडून घेऊन मीठ तयार करतात, या घराण्याच्या हॅलोजन या नावाचा अर्थच मुळी मीठ तयार करणारे असा आहे. सोडियमनं एक इलेक्ट्रॉन दिला आणि क्लोरीननं घेतला की झालं आपलं जेवणातलं मीठ.

पण भूक सगळ्यांची सारखी नाही. फ्लोरीनचा अणू लहान, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळ येतो त्यामुळे ओढ जबरदस्त, खाली आयोडीनपर्यंत जाताना अणू मोठा होत जातो आणि ओढ कमी होत जाते. म्हणून तर आयोडीन 1811 मध्येच सापडलं, फ्रान्समध्ये कूर्त्वा नावाचा रसायनशास्त्रज्ञ समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करत होता, त्यात ॲसिड जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. फ्लोरीन मात्र मोकळं व्हायला 1886 उजाडलं, त्याआधी त्याच्या मागे लागलेले कितीतरी लोक जखमी झाले, काही जीवानिशी गेले, शेवटी मॉयसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते विजेच्या मदतीनं वेगळं केलं आणि 1906 चं नोबेल मिळवलं.

क्लोरीनची भूक आपल्या रोजच्या कामाची. गावात विहिरीत टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर) टाकतात, तिच्यातला क्लोरीन जंतूंच्या पेशींमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, जंतू मरतात. मग ओटी टेस्टमध्ये, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचं द्रावण टाकून क्लोरीन तपासताना, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन अजून शिल्लक आहे, तिथंही क्लोरीन त्या टेस्टच्या द्रावणाकडून इलेक्ट्रॉनच घेत असतो.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात खडकातून फ्लोराइड उतरतं. हे भूक भागलेलं फ्लोरीन, त्यामुळे ते कुणाकडून काही ओढत नाही, पाण्याला रंग नाही, वास नाही, ओटी टेस्टमध्येही ते दिसत नाही. पण लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की लहानपणीच दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडं, सांधे आखडतात. टीसीएलनंही ते जात नाही, कारण क्लोरीन जंतू मारतो, पण फ्लोराइडचं तो काहीच करू शकत नाही, इलेक्ट्रॉन ओढायच्या बाबतीत फ्लोरीन त्याच्यापेक्षा वरचढ आहे. पाण्यात फ्लोराइड किती आहे हे कळायला लॅबमध्ये वेगळी तपासणी करावी लागते, आणि बोअर नवा असेल तर ती पहिल्या घोटाच्या आधी.